साखऱ्याचा पाड

फळ निवडण्यात माझा हात धरणारं मावळात कुणी नाही. हे मीच सांगते, कारण आमच्या घरात दुसरं कुणी सांगणार नाही. माझं माहेर लोणावळ्याचं. स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर आईची फळांची हातगाडी होती आणि शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथे हजर असायचे. मुंबईची गिऱ्हाईकं चिक्कीची खोकी काखोटीला मारून यायची आणि समोर दिसेल ते फळ अंगठ्याने दाबायची. आईला त्याचा भारी राग. फळाला दाबायचं नसतं, विचारायचं असतं, असं ती म्हणायची.

विचारायचं म्हणजे काय, ते तिने मला हळूहळू शिकवलं. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या फटी पांढुरक्या दिसल्या की ते तयार. चिकूवर नखाने हलकं खरवडायचं आणि खाली हिरवं दिसलं तर मुकाट्याने परत ठेवायचा. पेरू हुंगायचा. आंब्याचं मात्र सगळं देठापाशी असतं. देठ खळग्यात बसलाय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खांदे भरून वर आलेत, तर आंबा झाडावर पुरता भरला असं समजायचं. खांदे उतरते असतील तर त्याला भाताच्या पेंढ्यात कितीही दिवस झाका, तो पिवळा होईल, मऊ होईल, सुरकुतेल, पण पिकणार नाही.

चवीचा धडा तिने एकदाच दिला. माझ्या एका तळहातावर लालसर करवंद ठेवलं, दुसऱ्यावर काळंभोर, आणि दोन्ही खायला लावली. मी म्हटलं, दोन्ही आंबट आहेत. त्यावर तिने मला पुन्हा दोन दिली, पुन्हा दोन दिली, आणि चौथ्या जोडीला मला कळलं. लाल करवंदाचा आंबटपणा दाढांना जाऊन चिकटतो आणि तिथेच बसून राहतो. काळ्याचा जिभेवर येतो, जरा चिमटा काढतो आणि मागून गोडी सोडून निघून जातो. पहिल्याला आंबट म्हणायचं नाही, कच्चं म्हणायचं. आंबट ही चव आहे, कच्चेपणा ही फक्त घाई आहे, असं आई म्हणाली आणि पपई मागणाऱ्या बाईकडे वळली.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी लग्न होऊन पवनानगरच्या पुढच्या एका गावात आले. धरणाच्या काठावरचं गाव. घरात नवरा, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. सासूबाईंना तिकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई. माणसं प्रेमळ, पण पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांच्या घरातल्या सगळ्यात नाजूक जागेवर पाय ठेवला.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी मातीचा करा, म्हणजे छोटं मडकं, पाण्याने भरायचा, त्याच्या तोंडावर आंबा ठेवायचा, पुरणपोळीचं ताट करायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसांना ते दाखवायचं. त्याआधी घरात कुणी आंबा खायचा नाही. ही रीत सगळीकडे आहे, तिच्यात नवल काही नव्हतं. नवल होतं आंब्याचं. तो बाजारातून आणायचा नव्हता. धरणाच्या काठावर, आमच्या जुन्या शेताच्या वरच्या बांधावर एक मोठं गावठी झाड होतं, त्याचाच आंबा लागायचा. धरण झालं तेव्हा खालचं शेत पाण्यात गेलं आणि बांध तेवढा राहिला. आखितीच्या आठवडाभर आधी त्या झाडाच्या चार कैऱ्या पेंढ्यात घालायच्या, नैवेद्य झाला की उरलेलं अख्खं झाड लोणच्यासाठी उतरवायचं. त्या चार सोडल्या तर नैवेद्याआधी त्याची एकही कैरी घरात यायची नाही, असा कडक नेम होता.

झाडाचं नाव साखऱ्या. ते आबांच्या वडिलांनी ठेवलेलं. आबा त्यांना दादा म्हणायचे. दादांनीच कोय लावली, दादांनीच झाड वाढवलं, आणि ज्या वर्षी त्याला पहिल्यांदा फळ धरलं त्याच वर्षी थंडीत दादा वारले. आबा तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. पुढच्या आखितीला आबांच्या आईने नवऱ्याच्या नैवेद्याला त्याच्या आवडीच्या झाडाचा आंबा ठेवला आणि तिथून ही रीत पडली.

हे सगळं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आखितीला नैवेद्य झाला, आबांनी आंबा चिरून प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवली, आणि सगळ्यांनी डोळे मिटून, एक शब्द न बोलता ती गिळली. मी चावली. दाढा जागच्या जागी गोठल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा आंबट नाहीये. कच्चा आहे हा."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोड कोयीच्या कडेपर्यंत खाऊन टाकली. संध्याकाळी त्यांनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं की पूर्वजांच्या ताटातल्या आंब्याला नावं ठेवत नाहीत, आणि या आंब्याला तर मुळीच नाहीत, कारण त्याला नावं ठेवायला गाव पुरेसं आहे. मग ती गोष्ट कळली. दादांनी झाडाचं पहिलं फळ खाल्लं आणि गावभर सांगितलं की असा गोड आंबा पंचक्रोशीत नाही, त्याचं नाव साखऱ्या. पुढच्या वर्षी लोकांनी चाखून पाहिला तर चिंचेला मागे सारील असा. माणूस तर गेलेला, त्याला विचारणार कोण? तेव्हापासून गावात कुणी जरा वाढवून बोललं की लोक म्हणतात, साखऱ्याखाली बसून आला वाटतं. आबांना लग्नकार्यात पाहुण्यांपुढे साखऱ्यावाले म्हणून पुढे करतात. आबा हसतात. हसायचं म्हणून हसतात, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच दिसलं, आणि दिसल्यावर मला त्या गावाचा रागच आला.

मी मात्र गप्प बसले. हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक. बारा-चौदा आखित्या मी ती फोड निमूट गिळली. आमच्या भिंतीवर येणारा कावळा माझ्यापेक्षा प्रामाणिक होता. तो कुरडई उचलायचा, पोळी उचलायचा, आंब्याच्या फोडीकडे मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा.

चार वर्षांपूर्वी आखितीच्या आठ-नऊ दिवस आधी भावकीतली एक म्हातारी मुंबईला वारली. सुतक आलं. नैवेद्य झाला नाही, कैऱ्या पेंढ्यात गेल्या नाहीत. सुतक फिटल्यावर मी लोणच्याचं विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या की नैवेद्य झाला नाही तर यंदा त्या झाडाला हात नको. लोणचं बाजारच्या कैरीचं झालं आणि साखऱ्या भरल्या अंगाने तसाच उभा राहिला.

एरवी माकडांनी तो दोन दिवसांत साफ केला असता. पण त्या वर्षी झाडापासून हाकेच्या अंतरावर एकाने तंबूंचं कॅम्पिंग सुरू केलं होतं आणि राखणीला दोन कुत्री पाळली होती. माकडं त्या बाजूला फिरकेनात. त्या कॅम्पच्या पाहुण्यांना रविवारी सकाळी पोहे करून द्यायचं काम मी घेतलं होतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा पोह्यांचा डबा घेऊन मी त्या झाडाखालून जायचे. जाताना वर बघायचेच. आईची शिकवण मानेत बसली आहे, त्याला इलाज नाही.

मे संपत आला तेव्हा मी पहिल्यांदा थबकले. खालच्या फांदीवरच्या एका आंब्याचे खांदे वर येत होते. आखितीला मी बघितलेल्या कैऱ्यांचे खांदे नेहमी उतरते असायचे. पुढच्या रविवारी खांदे आणखी भरले. त्याच्या पुढच्या रविवारी मृग लागून गेला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता, आणि झाडाखाली गवतात एक आंबा पडला होता. आपोआप गळलेला, देठाशी पिवळा, बाकी हिरवट. झाडावर पिकून पडणाऱ्या त्या पहिल्या फळाला पाड म्हणतात. साखऱ्याला पाड लागला होता.

मी डबा खाली ठेवला. आंबा हुंगला आणि मला तिथेच हसू फुटलं. पदराला पुसला, देठ दातांनी तोडला, चीक पिळून टाकला आणि चोखला. गोड. नुसता गोड नाही, आधी गोड, मग कोयीपाशी गेल्यावर बारीकसा आंबट चिमटा, आणि त्याच्यामागून पुन्हा गोड. काळ्या करवंदाने मला शिकवलेलं सगळं त्या एका फळात होतं. पोहे थंड झाले, कॅम्पवाल्याने दोनदा फोन केला, मी कोय पांढरी होईपर्यंत जागची हलले नाही.

तशीच घरी येऊन मी आबांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते उडी मारून उठतील. आबा ओसरीवर बसून दोरी वळत होते. त्यांनी मानही वर केली नाही. साखऱ्या गोड नसतो, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मी आत्ता खाल्ला. ते म्हणाले, तुला भूक लागली असंल. आत्याबाई आतून म्हणाल्या की नैवेद्य न झालेल्या झाडाचं खाल्लंस ते खाल्लंस, वर सांगत तरी फिरू नकोस, आणि मृगानंतरच्या आंब्यात अळी असते हे तुझ्या आईने शिकवलं नाही का.

आईचं नाव निघाल्यावर माझा पारा चढला. मी आबांपुढे बसकण मारली आणि विचारलं की दादांनी तो पहिला आंबा खाल्ला तो दिवस तुम्हाला आठवतो का. कोण कुठे होतं, काय चाललं होतं, सगळं सांगा. आबांनी दोरी बाजूला ठेवली. मला वाटतं, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी सांगितलं. त्या वर्षी झाडाला एकच फळ धरलं होतं. दादा सकाळपासून शेतात होते, दुपारी घरी आले ते कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, आणि दारातूनच ओरडले की आंबा साखर आहे, साखर. आबा धावत गेले आणि माझा कुठाय म्हणून विचारलं. दादा म्हणाले, अरे, एकच होता, खाऊन टाकला, पुढच्या वर्षी सगळे तुझे. दहा वर्षांच्या पोराला ते इतकं लागलं की तो दोन दिवस बापाशी बोलला नाही.

आणि मग आबा खालच्या मानेने म्हणाले, "फुडच्या सालाला बाप न्हवता. आखितीला म्या फोड खाल्ली, आंबट ढाण. तसाच पळत गेलो आन पोरांना सांगितलं, माझा बाप खोटं बोलत हुता. गावानं न्हाई गं नाव पाडलं पोरी, म्या पाडलं."

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला रडू येत होतं, पण डोक्यात दुसरंच काहीतरी ठकठकत होतं. चिखल. कोपरापर्यंत चिखल.

मी विचारलं, "आबा, आखितीला शेतात चिखल कुठून येणार?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आखिती म्हणजे भर उन्हाळा, ढेकळं तापलेली असतात. हात चिखलात घालायचे ते भाताची रोपं टाकताना, पाऊस सुरू झाल्यावर. दादांनी तो आंबा मृगात खाल्ला होता. मग ते गेले, आणि त्यांच्या बायकोने मायेने त्यांच्याच झाडाचा आंबा त्यांना आखितीला दाखवला, महिना-सव्वा महिना आधी. झाड उशिराचं. नैवेद्याचा दिवस काही झाडाला विचारून ठरत नाही. आंबट निघाला म्हणून सगळं झाड लोणच्यात गेलं, आणि दर वर्षी जातच राहिलं. साठांहून जास्त वर्षं त्या झाडाला पिकायला कुणी वेळच दिला नव्हता.

आबांना हे पटलं, पण खायला ते तयार होईनात. नैवेद्य नाही तर झाडाचं फळ घरात यायचं नाही, हा आईचा नेम. मी म्हटलं, घरात आणायचं नाही ना, मग आपण झाडाकडे जाऊ. यावर आत्याबाईंनी मला अडवण्याऐवजी सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं, तेव्हा मला कळलं की ही लढाई मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही निघालो. नवऱ्याने कंपनीतून सुट्टी काढली आणि टोकाला जाळी बांधलेली लांब काठी खांद्यावर घेतली. आबांना काठाची चढण जड जाते, हातातली काठी टेकूनही दोनदा बसावं लागलं. झाडाखाली मी घोंगडी अंथरली. नवऱ्याने वरून पाच-सहा आंबे जाळीत उतरवले. मी ते ओळीने मांडले आणि निवडायला बसले. आयुष्यात इतक्या काळजीने मी फळ कधी निवडलं नाही. एक जरा टणक होता, एकाला देठापाशी वास नव्हता. चौथा हातात घेतला आणि त्याचं वजन हातात बरोबर बसलं. आत्याबाईंच्या समाधानासाठी मी त्याची एक बाजू कापून दाखवली. अळी नव्हती. केशरी गर होता, इतका केशरी की आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

आबांनी फोड घेतली आणि नेहमीच्या सवयीने डोळे मिटून गिळायला तोंडात टाकली. मग गिळायचे थांबले. डोळे उघडले. त्यांची जीभ तोंडात हलताना दिसत होती. त्यांनी माझ्या हातातून उरलेला आंबा ओढूनच घेतला आणि कोयीपर्यंत खाल्ला. मनगटावरून रस कोपराकडे चालला होता आणि ते पुसत नव्हते.

"साखर हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "खरंच साखर हाय की."

मग ते रडले. आणि रडता रडताच हसायला लागले, कारण त्यांच्या डोक्यात आता भलतंच आलं होतं. इतकी वर्षं दर आखितीला आपण बापाला कच्चा आंबा खायला घातला, आणि बिचारा वरून ओरडत असेल, अरे थांबा रे, महिनाभर थांबा. आत्याबाईंनाही हसू आवरेना. नवऱ्याने दुसरा आंबा चोखायला घेतला होता, त्याला ठसका लागला. कॅम्पची दोन्ही कुत्री काय झालं म्हणून बघायला आली आणि त्यांनाही सालं मिळाली.

संध्याकाळी आबा अंगणातच ठेवलेली आंब्यांची पिशवी घेऊन मारुतीच्या पारावर गेले. मी काही न सुचून मागोमाग गेले आणि किराणा दुकानाशी उभी राहिले. पारावर त्यांच्या वयाचे तिघे होते, त्यातला एक त्यांचा शाळेपासूनचा सोबती, साखऱ्यावाले म्हणण्यात सगळ्यांत पुढचा. आबांनी प्रत्येकाच्या हातात एकेक आंबा दिला. कुठला ते सांगितलं नाही. म्हाताऱ्यांनी चोखले. तो सोबती म्हणाला की लय गोड हाय, कुटनं आणलास. आबा म्हणाले, बांधावरचा. त्या सोबत्याने हातातल्या कोयीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि पुन्हा कोय तोंडात घातली. तिच्यावर काही उरलं नव्हतं तरी बराच वेळ चोखत बसला.

मला वाटलं, आता आबा त्यांना सुनावतील. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. ते फक्त म्हणाले, "माझा बाप खरं बोलत हुता. म्याच तुमाला चुकीचं सांगितलं हुतं." आणि रिकामी पिशवी घडी घालून घराकडे निघाले. चालताना त्यांची काठी मला जमिनीला टेकताना दिसली नाही.

आईला फोन करून मी सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, आंब्याचे खांदे कसे होते ते सांग. भरलेले होते असं मी सांगितलं, तर तिने विचारलं की मग आखितीचे उतरते खांदे बघूनही तू इतकी वर्षं तोंड शिवून का बसलीस.

पुढच्या आखितीला आबांनी मला बाजारात पाठवलं आणि चांगला निवडून आंबा आणायला सांगितलं. मी हापूस आणला. आत्याबाईंनी करा भरला, मी आंबा ठेवला, ताट वाढलं. आबा ताटापुढे बसले, हात जोडले, आणि रोज समोर बसणाऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"दादा, ह्यो बाजारचा हाय, ह्येच्यावर भागवा. तुमचा पिकला की आणतो."